फेटाळण्याची कारणे



हैदराबादच्या विद्यानगरात मराठीतून कायद्यावर बोलावयाचे, आणि त्यातही दिवाणी प्रक्रिया संहितेतील एका रुक्ष ऑर्डरवर बोलावयाचे, हा माझा बेत ऐकून व्याख्यानमालेच्या चिटणिसांच्या मुद्रेवर जी चिंता उमटली, ती अनाठायी होती असे मला म्हणवत नाही. तथापि नागरिकाचा हक्क न्यायालयात कसा जिंकला गेला वा कसा हरला, याच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. परंतु पुरावा व्हावयाच्या आधीच, पहिल्या किंवा दुसऱ्या तारखेला, केवळ कागद वाचून जे अर्ज नामंजूर होतात, त्यांची कथा सांगणारे कोणी भेटत नाही, कारण त्या प्रकरणांत कथा घडावयासच अवकाश मिळालेला नसतो. आज मी त्या पहिल्या वाचनाविषयी बोलणार आहे.

आरंभ महाडपासून करतो. हैदराबादेत बसून कोकणातील महाडापासून आरंभ करणे कोणास आडवळणाचे वाटेल. पण ज्या दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचे रुग्णालय याच विद्यानगरात आहे, त्या घटनासमितीच्या सभासद तर होत्याच, आणि त्यांचे पती चिंतामणराव देशमुख, म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतरचे अर्थमंत्री, हे १८९६ साली महाड तालुक्यातील नाते या गावी जन्मले आणि १९८२ साली याच शहरात निवर्तले. तेव्हा हे अंतर नकाशावर दिसते तेवढे मोठे नाही.

प्रथम नियम कोणता ते सांगितले पाहिजे. दिवाणी दावा दाखल झाला की वादीचा दावाअर्ज न्यायाधीशाने वाचावा आणि त्यावरून दाव्याचे कारणच दिसत नसेल, मूल्यांकन वा स्टांप अपुरा असून मुदतीत दुरुस्त केला नसेल, किंवा एखाद्या कायद्याने तो दावा चालण्यासच मनाई असेल, तर तो अर्ज तेथेच नामंजूर करावा, असे १९०८ च्या संहितेतील ऑर्डर सात, रूल अकरा सांगतो. हे वाचन करताना न्यायाधीशाने एक मोठा संयम पाळावयाचा असतो: वादीने लिहिलेला शब्द न् शब्द तूर्त खरा धरावयाचा आणि मगच विचारावयाचे की, हे सर्व खरे असले तरी कायदा याला काही देऊ शकतो काय? प्रतिवादीची कैफियत त्या वेळी पाहावयाची नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सलीमभाई प्रकरणात स्पष्ट केले. उलटपक्षी, कसबी लेखणीने दाव्याच्या कारणाचा केवळ आभास निर्माण केला असेल तर तो आभास पहिल्याच सुनावणीत मोडून काढावा, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७७ साली बजावले होते.

आता ज्या नियमाकडे वकीलवर्गाचेही लक्ष क्वचित जाते तो पाहा. रूल बारा म्हणतो की, दावाअर्ज नामंजूर करणाऱ्या न्यायाधीशाने तसा हुकूम कारणांसह लिहिला पाहिजे. आणि रूल तेरा म्हणतो की, अशा नामंजुरीमुळे त्याच कारणावर नवा दावाअर्ज आणण्यास वादीला बंदी होत नाही. शिवाय अशी नामंजुरी संहितेच्या दुसऱ्या कलमाने हुकूमनाम्याच्या बरोबरीची ठरविल्यामुळे तिच्यावर अपील चालते. म्हणजे शेताच्या बांधावरून दोन भाऊबंदांत वाद असला आणि तालुक्याच्या कनिष्ठ न्यायाधीशाने तो पहिल्या पानावरच काढून टाकला, तरी वादीच्या हाती लेखी कारणे पडतात, वरच्या दरबारात जाण्याची वाट राहते आणि अर्ज सुधारून पुन्हा येण्याचीही मुभा राहते. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू या, कारण पुढे तिची आठवण एका वेगळ्याच ठिकाणी होणार आहे.

महाडचा दावा तुमच्यापैकी बहुतेकांस ऐकून ठाऊक असेल. पण दावा म्हणून त्याचे जे वैशिष्ट्य, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या ठरावानुसार सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचे धोरण मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली मान्य केले, आणि महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात त्या पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली. पुढे मारहाण झाली, तळ्याच्या शुद्धीचा विधी झाला, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि डिसेंबरअखेर सत्याग्रह करण्याचे डॉ. आंबेडकरांनी जाहीर करताच गावातील काही सवर्ण गृहस्थांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात १९२७ चा दावा क्रमांक ४०५ दाखल केला. तळे आमच्या खाजगी मालकीचे आहे, निदान त्यावर स्पृश्यांचीच अनादि वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे होते, डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी यांना सर्व अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून प्रतिवादी करण्यात आले होते. १४ डिसेंबर रोजी, म्हणजे परिषदेला दहाबारा दिवस उरले असताना, न्यायालयाने प्रतिवादींना न ऐकता तात्पुरता मनाई हुकूम दिला.

येथे थोडे थांबले पाहिजे. दाव्याचा आरंभकाळ हा केवळ दावा बुडविण्याचा काळ नसतो, तर कित्येकदा प्रतिवादीला बुडविण्याचाही असतो. आणि एकतर्फी मनाई हुकमाच्या वेळी न्यायाधीश जे वाचन करतो, तेही वादीच्याच कागदाचे वाचन असते. अंतर एवढेच की नामंजुरीच्या प्रश्नात वादीचे शब्द खरे धरल्याने कोणाचे नुकसान होत नाही, कारण फार तर दावा पुढे चालतो. मनाईच्या प्रश्नात मात्र तेच शब्द खरे धरल्यामुळे हजारो माणसांना तळ्याच्या काठावर रोखून धरता येते. डिसेंबरच्या परिषदेला आलेल्या प्रतिनिधींची सत्याग्रहाची तयारी पूर्ण होती. परंतु आता त्यांचा सामना सनातन्यांशी न राहता न्यायालयाच्या हुकमाशी होता, आणि स्वतः बॅरिस्टर असलेल्या त्यांच्या नेत्याने, कलेक्टरही परिषदेस येऊन बोलून गेल्यानंतर, सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला. मला तो निर्णय त्या सर्व प्रकरणातील सर्वांत कठीण क्षण वाटतो. मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठविण्यात आला खरा, पण डिसेंबर त्यापूर्वीच निघून गेला होता.

दावा मात्र चालतच राहिला. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने तो फेटाळला. ठाण्याच्या न्यायालयात वादींचे अपील १९३३ च्या जानेवारीत फेटाळले गेले. आणि मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांच्यापुढे दुसरे अपील १७ मार्च १९३७ रोजी निकालात निघाले. हे तेच ब्रूमफील्ड की ज्यांनी १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सांगितली होती. इतिहासाला एकाच माणसाच्या हातून दोन अगदी निराळ्या सह्या घेण्याची हौस असावी. वादींची मालकी सिद्ध झाली नाही. आणि वहिवाटही कायद्याला हवी तशी अनादि असल्याचे सिद्ध झाले नाही, कारण सवर्णांच्या घरांनी वेढलेल्या त्या तळ्याकडे अस्पृश्य पूर्वी जात नसत एवढ्यावरून त्यांना हक्काने वगळले जात होते असे ठरत नाही. एक ओंजळ पाण्यावरून उद्भवलेला वाद दहा वर्षे चालून संपला.

प्रश्न असा की, १९२७ साली महाडच्या न्यायाधीशाने हा दावा पहिल्याच तारखेला नामंजूर करावयास हवा होता काय? मनातून ओठांवर येणारे उत्तर होकाराचे आहे. पण प्रामाणिक वकिलाला ते देता येणार नाही. वादींनी मालकी सांगितली होती आणि वहिवाट सांगितली होती. दोन्ही खऱ्या धरल्या तर त्या काळच्या कायद्यात दाव्याला कारण होते. अस्पृश्यतेच्या वा जातीच्या वहिवाटीवर आधारलेली वगळणूक न्यायालये मान्य करीत आली होती. कामुदीच्या मंदिरात नाडारांना प्रवेश नाही, हे १९०८ साली प्रिव्ही कौन्सिलनेच कायम केले होते. वहिवाटीला हक्काचे रूप देणारा कायदाच अस्तित्वात असल्यावर न्यायाधीशाने दावा दाखल करून घ्यावा यात त्याचा दोष काढता येत नाही. दोष मनाई हुकमाच्या घाईत होता, आणि त्याहून मोठा दोष त्या कायद्यात होता.

तो कायदा बदलला, आणि कसा बदलला हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले, तो आपल्याला शिक्षांसाठी ठाऊक आहे. परंतु त्याच्या तेराव्या कलमाने एक शांत पण दूरगामी काम केले. ज्या दाव्यातील मागणी या अधिनियमाच्या विरुद्ध जाईल असा दावा कोणत्याही दिवाणी न्यायालयाने दाखल करून घेऊ नये, चालू असेल तर पुढे चालवू नये, हुकूमनामा करू नये, आणि झालेला असेल तर बजावू नये. तसेच अस्पृश्यतेच्या कारणाने कोणावर अपात्रता लादणारी रूढी कोणत्याही न्यायालयाने मानू नये. महाडचे वादी १९५६ साली तोच वहिवाटीचा दावा घेऊन आले असते तर रूल अकरातील ‘कायद्याने मनाई’ या सदराखाली त्यांचा तो दावा एका पानाच्या हुकमाने परत गेला असता. पहिल्याच वाचनात दावा काढून टाकण्याचा अधिकार हा नेहमीच दुर्बळांच्या विरुद्ध वापरला जातो असे समजणाऱ्यांनी हे कलम अवश्य वाचावे. येथे तो अधिकार दुर्बळांच्या बाजूने उभा आहे, आणि तोही जातिव्यवस्थेविरुद्ध लढून मिळालेला.

आता आपल्या शहराकडे वळू. निजामाच्या राज्यात उच्च न्यायालय होते, १९२० पासून मुसीच्या काठावर ती सुंदर इमारतही होती, केशवराव कोरटकरांसारखे मराठी गृहस्थ वकिली करता करता तिथे न्यायासनावरही बसले होते, आणि कामकाजाची भाषा उर्दू असली तरी कायद्याचे ज्ञान कोणत्याही प्रांताहून कमी नव्हते. नव्हता तो एवढाच: राज्यकर्त्याविरुद्ध सांगता येईल असा हक्क. सभा भरविण्यास आगाऊ परवानगी मागावयास लावणारी त्रेपन्न क्रमांकाची गश्ती निघाली तेव्हा ती रद्द करावी म्हणून कोणत्या न्यायालयात जावे, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. जेथे हक्क नाही तेथे दाव्याचे कारण नाही.

हक्क आला तो २६ जानेवारी १९५० रोजी, आणि हैदराबादेतून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या आरंभीच्या प्रकरणांतील एकाने त्या तारखेचीच किंमत जोखून पाहिली. तेलंगणातील सशस्त्र लढ्याच्या काळातील खुनांच्या आरोपांवरून विशेष न्यायाधिकरणांनी काही शेतकऱ्यांना फाशीची शिक्षा दिली होती, आणि हैदराबादच्या उच्च न्यायालयाने १९४९ च्या डिसेंबरात ती कायम केली. वकील मिळण्याची पुरेशी संधी दिली नाही, अशी त्यांची तक्रार होती. जनार्दन रेड्डी आणि इतरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या अर्जांपैकी विशेष परवानगीचे अर्ज १९५० साली नामंजूर झाले, ते गुणदोषांवर नव्हे, तर ज्या दिवशी उच्च न्यायालयाने निकाल दिला त्या दिवशी हैदराबाद संविधानाच्या अर्थाने भारताच्या प्रदेशात नव्हते या कारणावर. सहा आठवड्यांच्या अंतराने माणसे संविधानाच्या बाहेर राहिली. इंग्लंडहून आलेले बॅरिस्टर प्रिट यांनी त्यांच्या वतीने काम चालविले. पुढे मूलभूत हक्कांच्या आधारे केलेले अर्जही १९५१ साली फेटाळले गेले. फाशीच्या शिक्षा अखेरीस जन्मठेपेत बदलल्या गेल्या, पण ते न्यायालयाबाहेर. या निकालांवर कायद्याच्या दृष्टीने टीका करणे सोपे नाही, आणि मी ती करीतही नाही. मला त्यांत एक गोष्ट आदरणीय वाटते ती अशी की, फाशीच्या छायेतील त्या माणसांना का ऐकले जाणार नाही हे न्यायालयाने सविस्तर लिहून सांगितले. त्या निकालांशी वाद घालता येतो, कारण ते वाचता येतात.

डॉ. आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी घटनासमितीत ज्या अनुच्छेदाला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले, तो आजचा बत्तिसावा अनुच्छेद. मूलभूत हक्काच्या रक्षणासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क हाच एक मूलभूत हक्क आहे, असे तो म्हणतो, आणि आधी उच्च न्यायालयात जाऊन या असे नागरिकाला सांगण्याचे कारण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५० सालीच रोमेश थापर यांच्या प्रकरणात मान्य केले होते. तरी सत्तर वर्षांनी, २०२० च्या नोव्हेंबरात, एका पत्रकाराच्या अटकेच्या सुनावणीत, मूळचे नागपूरचे तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी बत्तिसाव्या अनुच्छेदाखालील अर्जांना न्यायालय परावृत्त करू पाहत असल्याचे बोलून दाखविले. न्यायालयाची अडचण खरी आहे. अर्जांचा ढीग खरा आहे. परंतु दार बंद करण्याची इच्छा आणि दार बंद करण्याचे कारण या दोन गोष्टी आहेत.

या क्षेत्रात ज्या न्यायाधीशाने सर्वाधिक विचार केला तो आपल्या साताऱ्याचा. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर १९०१ साली तेथे जन्मले आणि १९६४ ते १९६६ या काळात सरन्यायाधीश होते. १९६१ च्या दर्याव प्रकरणात, १९४७ च्या दंगलीमुळे गाव सोडून गेलेले आणि परत आल्यावर आपल्या जमिनीत दुसऱ्यांना बसलेले पाहणारे उत्तर प्रदेशातील शेतकरी त्यांच्यापुढे आले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने रिट अर्ज गुणदोषांवर फेटाळला असेल तर त्याच तक्रारीसाठी बत्तिसाव्या अनुच्छेदाखाली पुन्हा येता येणार नाही, पूर्वन्यायाचे तत्त्व आड येईल, असा निकाल त्यांनी दिला आणि ते शेतकरी हरले. पण त्याच निकालात त्यांनी हेही सांगितले की, उच्च न्यायालयाने कारणे न देता आरंभीच अर्ज खारीज केला असेल तर असा हुकूम पूर्वन्याय म्हणून आड येणार नाही. दुसऱ्याच वर्षी प्रेमचंद गर्ग प्रकरणात, मूलभूत हक्काच्या अर्जासाठी अडीच हजार रुपये जामीनरक्कम भरावयास लावणारा सर्वोच्च न्यायालयाचा स्वतःचाच नियम त्यांनी बहुमताच्या निकालाने त्या मर्यादेपुरता अवैध ठरविला. आपल्याच न्यायालयाचा नियम मोडून काढण्याचे धैर्य सर्वांना नसते.

आणि तरीही १९६६ च्या मार्चमध्ये, निवृत्तीला काही दिवस उरले असता, त्याच गजेंद्रगडकरांनी नरेश श्रीधर मिरजकर प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाचा बहुमताचा निकाल लिहिला. मुंबई उच्च न्यायालयात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाविरुद्ध चाललेल्या एका बदनामीच्या दाव्यात एका साक्षीदाराची साक्ष वृत्तपत्रांनी छापू नये, असा तोंडी हुकूम न्यायमूर्ती तारकुंडे यांनी दिला होता. पत्रकारांचा अर्ज असा की, याने आमचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य हिरावले. न्यायालयीन हुकमाने मूलभूत हक्काचा भंग होऊ शकत नाही, म्हणून रिट चालत नाही, असे ठरले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी विरुद्ध मत दिले. पुढे नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीचे अग्रणी ठरलेल्या तारकुंड्यांच्याच हुकमावरून हा निकाल निघाला, यावर कोणी नाटक लिहिले तर ते अतिरंजित म्हणून परत येईल.

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. अमेरिकेत टेक्ससमधील कृष्णवर्णीय रेल्वे कामगारांनी आपल्याच संघटनेविरुद्ध केलेल्या दाव्यात, कॉन्ली विरुद्ध गिब्सन, १९५७ साली तेथील सर्वोच्च न्यायालय म्हणाले होते की, वादी कोणतेही तथ्य सिद्ध करून दाद मिळवू शकणार नाही, हे निःसंशय दिसल्याखेरीज तक्रार आरंभी काढून टाकू नये. २००१ च्या हल्ल्यानंतर ब्रुकलिनमध्ये कोंडलेल्या जावेद इक्बाल नावाच्या पाकिस्तानी मुसलमानाने वरिष्ठ अधिकाऱ्यांवर केलेल्या दाव्यात, २००९ साली, पाच विरुद्ध चार अशा बहुमताने त्याच न्यायालयाने बदललेले माप पक्के केले: तक्रार नुसती शक्य असून भागत नाही, ती न्यायाधीशाला संभवनीय वाटली पाहिजे. ज्याच्याजवळ पुरावा सरकारच्या कपाटात आहे त्याने तो मिळण्याआधीच न्यायाधीशाची खात्री करावयाची, ही अपेक्षा सत्तेविरुद्धच्या दाव्यांवरच सर्वांत जड पडते. आपल्याकडे वादीचे शब्द खरे धरण्याचा जुना नियम अजून शाबूत आहे, याबद्दल मला समाधान वाटते, आणि तो शाबूत राहावा असेही वाटते.

एका ठिकाणी मात्र आमचाही नियम गरिबावर दुहेरी ओझे टाकतो. कोर्ट फी भरण्यास असमर्थ असलेल्या वादीने ऑर्डर तेहेतीसखाली तशी परवानगी मागावयाची असते, आणि त्याच्या निर्धनतेची चौकशी होते तेव्हाच त्याच्या अर्जात दाव्याचे कारण आहे की नाही हेही पाहिले जाते. श्रीमंत वादीचा दावा नोंदला जाऊन मग तपासला जातो, गरिबाचा तपासला जाऊन मग नोंदला जातो. पुन्हा सरकारविरुद्ध जावयाचे तर ऐंशीव्या कलमाची दोन महिन्यांची नोटीस. १९७६ च्या दुरुस्तीने तातडीच्या प्रसंगी परवानगीने ती टाळता येते, एवढीच सोय.

आता तो रूल बारा आठवा. बांधाच्या दाव्याची नामंजुरी कारणांसह लिहावी लागते. पण एखाद्या नागरिकाच्या स्वातंत्र्याचा रिट अर्ज उच्च न्यायालयात प्रवेशाच्या टप्प्यावर एका शब्दाने संपू शकतो. दर्याव निकालाने अशा एका शब्दाला पूर्वन्यायाचे बळ नाकारले हे खरे, परंतु ती सवलत वापरण्यासाठी दिल्लीपर्यंतचे भाडे आणि वकिलाची फी लागते, आणि ती फी ज्याच्याजवळ नाही त्याच्यासाठी तो शब्द अखेरचाच असतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, मूलभूत हक्काच्या अर्जावर रिट न्यायालयांनी रूल बारा स्वतःला लावून घ्यावा: कोणत्या कारणाने अर्ज चालत नाही, विलंब, पर्यायी उपाय, हक्काचाच अभाव की आणखी काही, हे तीनचार वाक्यांत लिहावे. इतक्या अर्जांत ते शक्य नाही, असे न्यायाधीश म्हणतील. मुन्सफ न्यायालयांतही ढीग असतो, आणि तेथे कायद्याने ते शक्य मानले आहे. वेळ वाचवावयाचा तर तो वकिलांच्या युक्तिवादातून वाचवावा. आमच्या युक्तिवादात तो भरपूर पडलेला असतो, हे आम्ही वकील जाणतो.

अध्यक्षांनी मजकडे घड्याळ दाखविले आहे आणि ते त्यांच्या अधिकारात आहे. ऑर्डर तेहेतीस आणि कोर्ट फीच्या प्रश्नावर आपल्यापैकी ज्यांनी चिठ्ठ्या पाठविल्या आहेत त्यांना मी सभेनंतर बाहेरच्या व्हरांड्यात उत्तरे देईन. त्यांतील दोन चिठ्ठ्या वकिलांच्या दिसतात, त्यांच्याशी मात्र वाद होईल.